टोपीवाली बाई

त्या बाईचा चेहरा मी धड एकदाच पाहिला. त्याआधी कित्येक आठवडे आमच्या घरात वावरत होती ती तिची टोपी. गडद हिरवी, पुढे कॉलेजचं पिवळं अक्षर विणलेली. जेवताना तिचा विषय, गाडीत तिचा विषय, आणि सगळे गप्प असले की मनात तिचाच विषय चाललाय हे चेहऱ्यांवरून कळायचं. माझे यजमान गेले तेव्हासुद्धा आठवड्याभरात लोक पुन्हा विंटर टायरबद्दल बोलायला लागले होते. या बाईनं मात्र आमचं घर सोडलं नाही, आणि गंमत म्हणजे तिनं आमच्या उंबऱ्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

यजमान गेल्यावर रेजिना शहरातलं घर विकून मी कॅनडातल्याच केंब्रिजला मुलाकडे राहायला आले. त्यांनी मला बेसमेंट दिलं. पुण्यातल्या माझ्या नणंदेला ते ऐकून अंधारकोठडी वाटली आणि ती फोनवर रडायला लागली. म्हटलं, बाई गं, मला स्वतंत्र वॉशरूम आहे, खिडकी आहे, आणि मुख्य म्हणजे दार लावून घेता येतं. मी भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर लोकांना झोपवलं, पुन्हा जागं केलं, आणि मधल्या वेळात त्यांच्या श्वासाकडे बघत बसले. त्यामुळे माणूस तोंडानं काय बोलतोय याकडे माझं फारसं लक्ष नसतं, त्याच्या डोळ्यांकडे आणि रंगाकडे असतं. आणि समोर कुणी वेडेपणा करायला लागलं की माझा आवाज चढतो. ऑपरेशन थिएटरात तो भल्याभल्या सर्जनवर चढलाय, मग घरातल्यांची काय कथा!

घरात तिघं. मुलगा मोटारी जोडायच्या मोठ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो, सून विमा कंपनीत आहे. दोघंही कष्टाळू आणि पापभीरू. नात एकुलती एक. ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मी तिच्याशी मराठीत, आणि आमचं छान जमायचं. कॅरममध्ये राणी घेतली की मला डोळा मारून म्हणायची, "सॉरी, आजी. नॉट सॉरी." अशी आगाऊ कार्टी. माझा तिच्यावर फार जीव.

ती लॅक्रॉस खेळायची. खेळ इथलाच, या जमिनीवरच्या मूळ लोकांचा. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची झोळी. चेंडू झोळीत झेलायचा, पळायचं, समोरच्या जाळ्यात फेकायचा. मुलगे खेळतात ते हेल्मेट घालून. मुलींना मात्र डोळ्यांवर तारांचा चष्मा आणि दातांत रबर, बस्स. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मुलाला विचारलं, "अरे, आणि डोकं?"

"आई, मुलींच्या खेळात धक्काबुक्की अलाऊड नाही."

"हे त्या चेंडूला सांगितलंय का कुणी?"

तो हसला. त्या दिवसांत आमच्या घरात अजून हसत होते.

माझ्या खोलीच्या बरोबर वर गराज होतं. शाळेतून आली की ती गराजच्या भिंतीवर चेंडू आपटत बसायची. आधी उजव्या हातानं, मग डाव्या. मध्येच चेंडू निसटायचा, कशावर तरी आदळायचा, ती स्वतःशीच ओरडायची, पुन्हा सुरू. खाली चहा पिताना तो आवाज मला सोबतीसारखा वाटायचा. पुढे पुढे चेंडू निसटेनासा झाला. ओरडणं बंद झालं. नुसता तो ठोका, ठोक्यामागून ठोका, मॉनिटरसारखा. आजही शेजारचं पोर भिंतीवर बॉल मारायला लागलं की मी खिडकी लावून घेते.

हे सुरू कसं झालं ते सांगते. ती नववीत होती. दातांना अजून तारा होत्या. तिच्या क्लबच्या कोचनं मुलाला सांगितलं की सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या एका कॉलेजला आपली पोर आवडलीये. पण नियम असा, की कॉलेजच्या कोचनं एवढ्या लहान मुलीला फोन करायचा नाही. मुलीनं आपण होऊन कोचला फोन केला, तर मात्र चालतं. धन्य तो नियम करणारा! म्हणजे चौदा वर्षांच्या पोरीनं स्वतःहून फोन लावायचा आणि पलीकडे त्या बाईनं, अगंबाई, तू होय, असं म्हणायचं.

आठवडाभर बापानं तिची तयारी करून घेतली. काय बोलायचं, काय नाही बोलायचं, कुठे थांबायचं. आमच्या काळी मुलगी बघायला येणार म्हटल्यावर पोहे कुठल्या हातानं द्यायचे इथपर्यंत शिकवायचे, तसं. शाळेतून आल्यावर किचनच्या उंच स्टुलावर बसून तिनं फोन लावला. "येस, कोच. अॅब्सोल्यूटली, कोच." तो आवाज माझ्या नातीचा नव्हता. एखाद्या बँकेतल्या बाईचा वाटत होता. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते.

फोन ठेवून ती म्हणाली की त्यांनी माझ्यासाठी जागा ठेवलीये. बारावीनंतरची. स्कॉलरशिपसकट. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलानं पोरीला उचलून गरागरा फिरवलं. याला तिथे व्हर्बल म्हणतात. कागद नाही, सही नाही, नुसतं बोलणं. कॉलेजनं उद्या नाही म्हटलं तर कुणी विचारणार नाही, आणि मुलीनं नाही म्हटलं तरीही नाही. हे क्लबच्या कोचनं स्वच्छ सांगितलं होतं. सगळ्यांना ते कळत होतं, आमचं घर सोडून.

कारण आमच्याकडे बोलणं म्हणजे काय असतं? मुलानं दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे विडा ठेवला, पोरीला नवा कुर्ता घालून पाटावर बसवलं, आणि अडकित्त्यानं सुपारी फोडली. लग्न ठरल्यावर फोडतात तशी. आधी गमतीगमतीत चाललं होतं, पण सुपारी फुटली तशी त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "आता ठरलं हं. शब्द दिला आपण." सुनेनं मिल्क पावडरचे पेढे केले होते. मी तिला ओवाळलं. संक्रांत जवळच होती. मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हॉलभर जरीच्या साड्या, त्यानं माइक हातात घेऊन सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. बायका तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. ती मधोमध उभी राहून हसत होती आणि तिची जीभ सारखी दातांच्या तारांवरून फिरत होती.

थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका कॉलेजनं विचारणा केली. हे कॅनडातलंच, घरापासून गाडीनं जाण्याजोगं. तिथली कोच स्वतः तिचे खेळ बघून गेली होती, आणि नातीला ती आवडली होती. "शी इज फनी, आजी," म्हणाली होती. मुलानं परस्पर कळवून टाकलं, आमचं ठरलंय. क्लबची कोच चक्रावली. म्हणाली, अहो, सगळे चार दारं उघडी ठेवतात, नुसतं बोलून घ्यायला काय हरकत आहे? हा ताठ मानेनं म्हणाला, "आम्ही शब्द दिलाय." घरी येऊन हे अभिमानानं सांगितलं. सून म्हणाली, "बरोबरच आहे. सुपारी फुटल्यावर दुसरं स्थळ बघतात का कुणी?" ते विनोदानं म्हटलेलं नव्हतं. दोघंही मोठे इंजिनियर आणि हिशेबनीस, आणि हे असं. नात जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर निघून गेली.

मग नियम बदलला. लहान पोरींना असं ठरवून ठेवणं वाईट, म्हणून तिकडच्या मोठ्या लोकांनी ठरवलं की अकरावीच्या सप्टेंबरपर्यंत कॉलेजच्या कोचनं मुलीशी कुठल्याही मार्गानं बोलायचं नाही. मुलीनं फोन केला तरी उचलायचा नाही. नियम चांगलाच होता, फक्त आम्हाला उशिरा मिळाला. ज्यांचं आधीच बोलून झालंय त्यांचं काय, हे कुणालाच नीट सांगता येईना. एका दिवसात पलीकडची बाई मुकी झाली. फोन नाही, निरोप नाही, वाढदिवसाला दोन शब्द नाहीत. शब्द आहे की गेला, कळायला मार्ग नाही.

पण बघायला यायची त्यांना मुभा होती. बोलायचं नाही, हसायचं नाही, फक्त बघायचं. नात दहावीत गेली त्या शरद ऋतूत मैदानाच्या पलीकडच्या कडेला, जिथे आईबाप बसत नाहीत तिथे, कुंपणापाशी फोल्डिंग खुर्चीत ती हिरवी टोपी दिसायला लागली. गॉगल, कानांपर्यंत चढवलेली कॉलर, हातात कॉफीचा मग. ती मूळची कोच की तिची मदतनीस, हेही इतक्या लांबून कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

मग आमच्या घरानं त्या टोपीचा अर्थ लावायला सुरुवात केली. "आज ती पूर्ण वेळ थांबली." "आज हाफ टाइमलाच गेली, पण पाऊस होता ना." "आपली पोर गोलवर शॉट मारायला गेली की पुढे वाकते, बघितलंस का?" मुलगा मैदानाकडे पाठ करेल, पण टोपीकडे करायचा नाही. सुनेनं पोळ्या बंद करून पोरीला कसल्या कसल्या पावडरी पाजायला सुरुवात केली. सरळ चाल, हस, हरलीस तर खांदे पाडू नकोस, ती बघत असते. पोर घरातसुद्धा ताठ चालायला लागली. सिंकमध्ये ताट ठेवताना एकदा सहज मागे वळून खिडकीकडे बघितलं तिनं. बाहेर नुसतं आमचं मागचं अंगण. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "नथिंग." तेव्हाच काहीतरी लागलं माझ्या मनाला. कॅरम खेळायलाही ती येईनाशी झाली.

ऑक्टोबरमधली एक टूर्नामेंट. वारा असा की खुर्च्या उडतायत. त्या दिवशी टोपी आली नव्हती. मुलगा सारखा पार्किंगकडे बघत होता, "येईल, ट्रॅफिक असेल." मी शालीत गुरफटून खेळ बघत होते. तिच्या टीममधल्या मुलीनं पास दिला, समोरची मुलगी तो अडवायला गेली आणि तिची काठी फिरून आमच्या पोरीच्या कानशिलावर बसली. मुद्दाम नव्हे. पोर गुडघ्यांवर बसली. मी उभी राहिले. क्षणात ती उठली, हात वर केला, ठीक आहे म्हणून, आणि पळायला लागली. पण चुकीच्या दिशेनं. चार पावलं गेली आणि मग वळली.

"अरे, बघितलंस का?" मी ओरडले.

"काय?" मुलानं पार्किंगकडून मान वळवली. "काय झालं? गोल झाला?"

गाडीत ती गॉगल लावून बसली. आभाळ भरून आलेलं होतं. मी विचारलं तर, "आय अॅम फाइन, आजी." मग पुढे वाकून बापाला म्हणाली, "माझा तो गोल तिनं बघितला ना? ती कुंपणापाशी उभी होती. शी क्लॅप्ड." सगळं इंग्रजीतच, पण मला ते असं मराठीतच आठवतं. कुंपणापाशी कुणीही नव्हतं. मुलगा म्हणाला, "हो बेटा, बघितला असेल."

पुढच्या आठवड्यात मी तिच्यावर पाळत ठेवली, दुसरा शब्द नाही त्याला. खोलीत दिवा नाही. प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ. एकच गोष्ट दोनदा विचारायची. दुपारी शाळेतून आली ती थेट माझ्या बेसमेंटमध्ये, माझ्या वॉशरूममध्ये, नळ मोठा सोडून. नळाच्या आवाजाखाली ओकणाऱ्या माणसाचा आवाज मला कळू नये, मी काय काल जन्मले का? दार उघडून आत गेले. ती फरशीवर बसली होती. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं.

"चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. मी बाबाला फोन करते."

तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "प्लीज, आजी. नो. वुई गेव्ह अवर वर्ड."

आम्ही शब्द दिलाय. सुपारी तिच्या बापानं फोडली, पेढे तिच्या आईनं वाटले, ओवाळलं मी, आणि तो शब्द पाळायला बसली होती एकटी ती. वॉशरूमच्या गार फरशीवर. मला इतका संताप आला आणि इतकं रडू आलं की यातलं नक्की काय करावं कळेना. मी तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "मी सांगणार. तू माझ्यावर रागव, हवं तर जन्मभर रागव."

मुलगा कामावरून आला तसं त्याला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं. पोर जिना उतरून आली, ताठ, हसत, आणि म्हणाली, आजीचा गैरसमज झालाय, मी दुपारी कॅफेटेरियातलं काहीतरी खाल्लं होतं. बँकेतल्या बाईचा आवाज. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "आई, ती स्वतः म्हणतेय ना?"

"तिचे डोळे बघ की मेल्या!"

"आई, तू रिटायर झालीस. आणि तू काही ब्रेनची डॉक्टर नव्हतीस." मग आतलं काहीतरी बाहेर काढल्यासारखं, "मलाही तू हॉकी खेळू दिलं नाहीस. रेजिनात सगळी पोरं खेळायची. मी खिडकीतून बघायचो."

"हो, नाही दिलं. तुटकी पोरं माझ्याच टेबलावर यायची. आणि तुझं डोकं अजून शाबूत आहे. निदान तेव्हा तरी होतं."

सून मध्ये पडली. "आई, तुम्ही शांत व्हा. आपण दाखवून घेऊ." ती पोरीला वॉक-इन क्लिनिकमध्ये घेऊन गेली. मीही गेले. तिथला तरुण डॉक्टर नीट बोलणारा होता, त्याची काही चूक नव्हती. डोकं दुखतं? नो. उजेडाचा त्रास? नो. मळमळ? नो. मी तोंड उघडलं तर तो नम्रपणे म्हणाला, पेशंटला बोलू द्या. पेशंट एका पायावर उभी राहिली, नाकाला बोट लावलं, गोड हसली. असल्या दुखण्यात निम्मी तपासणी पेशंटच्या खरेपणावर चालते. त्यानं काळजी घ्या म्हणून सांगितलं आणि आम्ही बाहेर आलो. पार्किंगमध्ये तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गाडीला हात टेकून क्षणभर उभी राहिली तेवढीच.

दुसऱ्यांदा डोक्याला लागलं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या वयाची पोरं. ते इथे लिहीत नाही. त्या दिवसांत जरा पडावं म्हटलं तरी डोळ्यांपुढे तेच यायचं, आणि वरच्या गराजमधला ठोका चालूच असायचा. मी जाऊन तिच्या हातातली काठी काढून घेतली. बापानं परत दिली. मी गाडीची किल्ली लपवली, सुनेकडे दुसरी होती. माझं घरात कुणीही ऐकेना. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंही फोनवर कुणालातरी सांगताना ऐकलं मी. ठीक आहे, म्हटलं.

नंतरच्या शनिवारी पुन्हा खेळ होता. मी न बोलता गाडीत बसले. मैदानावर पोचलो तर पलीकडे हिरवी टोपी हजर. मुलाचा चेहरा उजळला. पहिला अर्धा खेळ मी कसा काढला माझं मला माहीत. चेंडू तिच्याकडे गेला की मी श्वास रोखून धरायची. पोर पळत होती, पण प्रत्येक वेळी थांबताना डोळे घट्ट मिटत होती. तारांच्या चष्म्याआड ते दिसत होतं, बघणाऱ्याला.

हाफ टाइम झाला आणि मी उठले. माझ्या मनात एकच होतं. पोर आमचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. जिच्यासाठी ती हे लपवतेय तिलाच सांगायचं, बाई, हिला घरी पाठवा. तुमची ती जागा दोन महिन्यांनंतरही ठेवा, नाहीतर नका ठेवू, पण आज हिला सोडा. मुलगा मागून हाका मारत होता, "आई! आई, तिकडे जायचं नसतं! नियम आहे!" मी मैदानाला वळसा घालून चालत राहिले. गवत ओलं, माझे बूट भिजले. टोपी हळूहळू मोठी होत गेली, आणि जवळ गेल्यावर तिच्याखाली एक साधी, तरुण, सर्दी झालेली मुलगी निघाली. नाक लाल. हातात टिश्यू.

तिनं मला बघून दोन्ही हात वर केले. "सॉरी, मॅम, मला फॅमिलीशी बोलायची परवानगी नाही."

"बोलू नकोस. ऐक," मी म्हटलं. माझं इंग्रजी रागात फार चांगलं होतं. सांगितलं सगळं. कानशिलावर लागलं, ओकते, उजेड सहन होत नाही, आणि तुझ्यामुळे लपवते, कारण तुझ्या कॉलेजला तिनं शब्द दिलाय. ती मुलगी खुर्चीतून उठलीच. चेहरा खरोखरच उतरला तिचा. "ओ माय गॉड. तिला लगेच बाहेर काढा. तिच्या कोचला सांगा, आत्ता." आणि मग मैदानाकडे बघत, डोळे बारीक करून, म्हणाली, "कोणती ती?"

मी नंबर सांगितला. तिला कळलं नाही. मी बोट दाखवलं. ती ओशाळली. "आय अॅम सो सॉरी. मी उन्हाळ्यातच लागलेय इथे. मला फक्त गोलकीपर बघायला पाठवतात."

परत येताना तेवढंच अंतर मला दुप्पट वाटलं. मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडे मुलगा उभा होता आणि लांबूनच अंगठा वर करून मला शाबासकी देत होता. हसत होता वेडा. ती बाई उभी राहून आपल्या आईशी बोलली, त्याला वाटलं, काहीतरी जमलं. पोर पाण्याची बाटली टाकून धावत दोरीपाशी आली. दोघं एकाच सुरात, "काय म्हणाली?"

ऑपरेशननंतर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली होती. तेव्हा शब्द सापडायचे. इथे ते शोधत बसायला वेळ नव्हता. मी मुलाकडे बघितलंच नाही. तिच्याकडे बघून म्हटलं, "बाळा, ती तुला बघायला येत नाही. गोलकीपर बघायला येते. तू कोणती, ते मला बोटानं दाखवावं लागलं."

"आई!" मुलगा ओरडला. "काय बोलतेस तू? असं कसं..."

पोरीनं मान वळवून पलीकडे बघितलं. ती मुलगी नाक शिंकरत होती. मला वाटलं आता पोर कोसळणार, आता किंचाळणार, आणि मी हात पुढे केले. तिनं चष्मा काढला. डोळ्यांभोवती तारांचे वळ उठले होते. काठी गवतावर ठेवली, दातांतलं रबर काढून मुठीत धरलं, आणि तिचा स्वतःचा आवाज, तो तारा लावलेल्या पोरीचा बारीक आवाज, कित्येक महिन्यांनी माझ्या कानांवर पडला.

"बाबा, माय हेड हर्ट्स."

मुलाचा अंगठा अजून अर्धवट वर होता. तो खाली आला. "कधीपासून?" त्यानं विचारलं. "बेटा, कधीपासून? मी इथेच तर होतो."

"आय नो," ती म्हणाली. "यू वेअर लुकिंग अॅट हर."